नॉर्मंडीचे युद्धकिनारे पाहायचे असतील, तर आधी ओहोटीची वेळ पाहा

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी प्रांतात सुमारे 80 किलोमीटरचा एक पट्टा आहे. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स सोडवण्यासाठी, त्याच्या पाच पुळणींवर 6 जून 1944 या एका दिवसात दोस्त राष्ट्रांचे सुमारे दीड लाख सैनिक समुद्रातून आणि आकाशातून उतरले. पश्चिमेकडून पूर्वेकडे युटा, ओमाहा, गोल्ड, जुनो आणि सोर्ड ही या किनाऱ्यांची सांकेतिक नावे आजही नकाशावर आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर तशीच आहेत. उन्हाळ्यात येथे फ्रेंच कुटुंबे सुट्टीसाठी येतात, मुले वाळूत खेळतात, आणि त्याच वाळूपासून हाकेच्या अंतरावर बंकर, दफनभूम्या आणि लहानमोठी कित्येक संग्रहालये आहेत. युरोपच्या सहलीत पॅरिसला जोडून तीन-चार दिवस काढून हा भाग नीट कसा पाहावा, याची ही क्रमवार मांडणी आहे.

बहुतेक प्रवासी संग्रहालयांची यादी करतात, त्यांच्या वेळा जुळवतात आणि किनारा मधल्या वेळात, जमेल तेव्हा पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. संग्रहालय सकाळी दहालाही तेच असते आणि दुपारी चारलाही तेच असते, पण किनारा सहा तासांत पूर्ण बदलतो. भरतीच्या वेळी ओमाहाला पोहोचलेल्या माणसाला एक अरुंद, सुंदर पुळण दिसते आणि येथे इतकी माणसे का पडली हे त्याला कळतच नाही. ओहोटीच्या वेळी पोहोचलेल्याला ते कोणी सांगावे लागत नाही.

पहिली पायरी: भरती-ओहोटीचे गणित समजून घ्या

या आक्रमणाची तारीख चंद्रानेच ठरवली होती. फील्ड मार्शल रोमेल यांच्या आदेशाने जर्मनांनी पुळणीवर लाकडी खांब, लोखंडी अडथळे आणि त्यांच्या टोकांना सुरुंग असे जाळे रोवले होते. शत्रू भरतीला, म्हणजे उघड्या वाळूतून कमीत कमी धावावे लागेल अशा वेळी येईल, असे जर्मनांनी धरले होते. दोस्तांनी उलटा विचार केला. ओहोटीला उतरले तर अडथळे उघडे दिसतात, सुरुंग उडवणाऱ्या तुकड्यांना काम करता येते आणि चढत्या पाण्यावर नावा परत सुटतात. शिवाय छत्रीधारी सैनिकांना आदल्या रात्री चांदणे हवे होते. पहाटेची ओहोटी आणि रात्रीचे चांदणे जुळणारे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात 5, 6 आणि 7 हेच होते. 5 तारखेला समुद्र खवळलेला असल्याने हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांच्या अंदाजावरून दोस्तांचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर यांनी बेत एक दिवस पुढे ढकलला. आपल्या पंचांगाप्रमाणे 6 जूनला ज्येष्ठी पौर्णिमा होती.

कोकणातल्या वाचकाला उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येची मोठी) भरती आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती वेगळी समजावून सांगायला नको. नॉर्मंडीत हाच फरक अधिक मोठा असतो, कारण उधाणाच्या दिवसांत येथे पाण्याची पातळी सुमारे 7 मीटर वरखाली होते. फ्रान्समध्ये भरतीचा जोर 20 ते 120 या आकड्यांच्या मापाने सांगतात, आणि हा आकडा पर्यटन कार्यालयात मिळणाऱ्या वेळापत्रकात प्रत्येक दिवसासमोर छापलेला असतो. आकडा 90 च्या वर असेल तर उधाण आहे आणि ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडणार असे समजावे.

घरबसल्या अंदाज करायचा असेल तर भिंतीवरचे कालनिर्णयही पुरते. ओहोटीची वेळ तिथीशी बांधलेली असल्यामुळे, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास या किनाऱ्यावर ओहोटी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या आसपास लागते, तर अष्टमीच्या आसपास ती भर दुपारी येते आणि पाणीही फारसे मागे हटत नाही. रोज ही वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. यावरून माझी शिफारस अशी की, पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस तुमच्या मुक्कामात येतील असे पाहावे. त्या दिवसांत उधाण जोरात असते आणि ओहोटी संध्याकाळी सातच्या सुमारास पडते. जूनमध्ये येथे दहाच्या आसपास सूर्य मावळत असल्यामुळे संग्रहालये बंद झाल्यानंतरही किनाऱ्यावर दोन-तीन तास भरपूर उजेड मिळतो. नक्की वेळ मात्र त्या गावाच्या छापील वेळापत्रकावरूनच घ्यावी.

दुसरी पायरी: महिना ठरवा

मे आणि सप्टेंबर हे सर्वांत सोयीचे महिने आहेत, आणि आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे अनेकांना जमतोही. जूनचा पहिला आठवडा वर्धापनदिनाचा असतो. त्या दिवसांत जुन्या जीपगाड्या, गणवेश घातलेले हौशी लोक, छत्रीउड्या आणि राष्ट्रप्रमुखांचे कार्यक्रम असे वातावरण असते, पण निवासाच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, भाडी चढतात आणि 6 तारखेला काही रस्ते सर्वसामान्यांना बंद असतात. सोहळाच पाहायचा असेल तर अवश्य जावे, किनारा पाहायचा असेल तर तो आठवडा टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंचांची स्वतःची सुट्टी असते. डिसेंबर-जानेवारीत अनेक लहान संग्रहालये पूर्ण बंद राहतात. महिना कोणताही असो, वारा अडवणारे जाकीट बरोबर हवेच, कारण कड्यांवर मे महिन्यातही हुडहुडी भरते.

व्हिसा शेंगेनचा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. मेच्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी, कारण पुढे मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर गर्दी उसळते.

तिसरी पायरी: मुक्काम एकाच गावी, आणि तो बायू येथे

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून बायूला रेल्वेने साधारण सव्वादोन ते अडीच तास लागतात. बायू हे गाव 7 जून 1944 रोजीच मुक्त झाले आणि जवळजवळ अबाधित राहिले, त्यामुळे त्याचे जुने दगडी रस्ते आणि कॅथेड्रल आजही उभे आहेत. बायूपासून गोल्ड किनाऱ्यावरचे आरोमाँश गाव 10 किलोमीटरवर, ओमाहा अर्ध्या तासाच्या आत, आणि युटा साधारण तासाभरावर आहे. काँ हे मोठे शहर 30 किलोमीटरवर आहे; तेथे निवास स्वस्त मिळू शकतो, पण किनाऱ्यावर रोज जा-ये करायला ते तितके सोयीचे नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पोर्ट्समथहून विस्त्रेआमला थेट जहाज मिळते. सुमारे सहा तासांच्या त्या प्रवासानंतर गाडीसह माणूस सोर्ड किनाऱ्यावरच उतरतो.

एका गोष्टीची आधी कल्पना असावी. इंग्लंडवरील स्वारीची कथा सांगणारा अकराव्या शतकातील भरतकामाचा प्रसिद्ध पट बायूची ओळख आहे, पण त्याचे संग्रहालय सप्टेंबर 2025 पासून नूतनीकरणासाठी बंद असून ते 2027 मध्ये पुन्हा उघडण्याचे जाहीर झाले आहे.

वाहनाचा निर्णय सहलीचा अर्धा आनंद ठरवतो. सार्वजनिक बसगाड्या आहेत, परंतु त्यांच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि संध्याकाळच्या ओहोटीला थांबायचे म्हटले की परतीची बस निघून गेलेली असते. म्हणून चौघांचे कुटुंब असेल तर भाड्याची गाडी घ्यावी. भारतीय परवान्याबरोबर आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना बाळगावा, आणि उजव्या बाजूने चालवण्याचा सराव पॅरिसमध्ये न करता रेल्वेने बायू किंवा काँला येऊन तेथे गाडी घ्यावी. पॅरिसहूनच गाडी आणणार असाल तर ए-13 महामार्गावर आता टोलनाके राहिलेले नाहीत हे ध्यानात ठेवावे. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि टोल 72 तासांच्या आत संकेतस्थळावर भरावा लागतो. नाका दिसला नाही म्हणून रस्ता फुकट आहे असे समजणाऱ्यांना दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते, आणि कंपनी त्यावर आपला आकार लावते तो वेगळाच.

गाडी चालवायची नसेल तर बायूहून आठ आसनी व्हॅनमधून इंग्रजी बोलणाऱ्या मार्गदर्शकासह अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाच्या फेऱ्या निघतात. त्या महाग असतात, मात्र चांगला मार्गदर्शक लाभला तर पैसे वसूल होतात. आरक्षण करताना त्या दिवशीची ओहोटी कधी आहे हे जरूर विचारावे. उत्तर ज्याच्या जिभेवर तयार असेल तो मार्गदर्शक बरा.

चौथी पायरी: सुरुवात आरोमाँशपासून करा

पहिल्या दिवशी गोल्ड किनाऱ्याकडे जावे, कारण या मोहिमेचा आवाका येथे डोळ्यांना सर्वांत लवकर उमगतो. दोस्तांच्या ताब्यात एकही मोठे बंदर नव्हते, म्हणून त्यांनी इंग्लंडमध्ये काँक्रीटच्या पोकळ पेट्या बांधल्या, त्या खाडीपार ओढून आणल्या आणि आरोमाँशसमोर बुडवून अख्खे कृत्रिम बंदर उभे केले. मोठ्या पेट्या सुमारे 60 मीटर लांब आणि 6,000 टन वजनाच्या होत्या. असेच दुसरे बंदर ओमाहासमोर होते, पण 19 ते 22 जूनच्या वादळाने ते मोडून पडले. आरोमाँशचे टिकले आणि पुढे अनेक महिने चालले.

ओहोटी लागली की त्यांतील काही पेट्यांपर्यंत वाळूतून चालत जाता येते. जवळ गेल्यावर काँक्रीटला कालवांनी आणि शिंपल्यांनी इतके वेढलेले दिसते की खालचा भाग काळपट खडकासारखा वाटतो. भरतीची रेघ जेथे संपते तेथून वर मात्र फरम्याच्या फळ्यांचे आडवे ठसे आणि फुटलेल्या कडांतून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या स्पष्ट दिसतात. या पेट्या काही महिने टिकाव्यात एवढ्यासाठीच बांधल्या होत्या. त्यांवर चढू नये, आत शिरू नये आणि पाणी वळल्याबरोबर परत फिरावे.

किनाऱ्यालगतच सैन्याच्या उतरणीचे संग्रहालय आहे. ते 1954 मध्ये सुरू झाले आणि 2023 मध्ये नव्या इमारतीत गेले. येथील चालत्या प्रतिकृतींवरून तरंगता रस्ता लाटांबरोबर कसा वरखाली होत असे ते कळते. अभियांत्रिकीची आवड असणाऱ्याने येथे दीड तास राखून ठेवावा. आधी संग्रहालय आणि मग पेट्या हा क्रम अधिक उपयोगी पडतो. वरच्या टेकाडावर वर्तुळाकार पडद्यांचे चित्रपटगृह आहे. तेथवरची चढण खडी असल्यामुळे ज्येष्ठांनी गाडीनेच वर जावे.

त्याच दिवशी पश्चिमेला थोड्या अंतरावर असलेला लाँग-स्युर-मेर येथील जर्मन तोफखाना पाहावा. काँक्रीटच्या चार खोल्यांमध्ये सुमारे 150 मिलिमीटर व्यासाच्या नौदल तोफा अजून जागेवर आहेत, आणि या किनाऱ्यावर मूळ तोफा जागेवर राहिलेला असा तोफखाना दुसरा नाही. प्रवेश विनामूल्य आहे आणि कुंपणही नाही, म्हणून हे ठिकाण संध्याकाळसाठी राखून ठेवणे सोयीचे. पूर्वेला व्हेर-स्युर-मेर येथे 2021 मध्ये उभारलेले ब्रिटिश स्मारक आहे. ब्रिटिश नेतृत्वाखाली लढताना पडलेल्या 22,442 जणांची नावे तेथे दगडी खांबांवर कोरलेली आहेत.

पाचवी पायरी: ओमाहासाठी पूर्ण दिवस द्या

ओमाहा किनारा व्हिएरव्हिलपासून कोलव्हिलपर्यंत जवळपास 8 किलोमीटर पसरला आहे. त्याच्या मागे सलग टेकड्यांची भिंत आहे आणि ती भिंत फक्त काही घळींनी फुटलेली आहे. गाड्या आणि रणगाडे वर नेण्याची वाट त्या घळींतूनच होती, म्हणून जर्मनांनी प्रत्येक घळीच्या तोंडाशी मशिनगनी आणि तोफा रोवल्या होत्या. एवढे लक्षात ठेवून सँ-लोराँ गावाजवळ, पुळणीवर उभ्या असलेल्या धातूच्या उंच शिल्पापाशी गाडी लावावी आणि ओहोटीच्या वेळी थेट पाण्याच्या कडेपर्यंत चालत जावे. तेथे पोहोचल्यावर मागे वळून पाहावे.

मध्ये तीन-चारशे मीटर सपाट ओली वाळू असते आणि त्यात आडोसा म्हणून काही नसते. पाणी साचलेल्या लहान चरांमध्ये घोट्यापर्यंत पाय जातो आणि चाल मंदावते. पाठीवर भिजलेले ओझे घेऊन हेच अंतर पार करायचे होते. सकाळी साडेसहाला पहिल्या तुकड्या उतरल्या तेव्हा आधीच्या बॉम्बफेकीने बचावाच्या जागांना धक्काही लागला नव्हता, कारण ढगांमुळे वैमानिकांनी बॉम्ब उशिरा, म्हणजे आत शेतांमध्ये टाकले होते. पाण्यावर तरंगणारे रणगाडे पूर्वेकडच्या भागात खूप दूर सोडले गेले, आणि एका बटालियनने समुद्रात सोडलेल्या 29 रणगाड्यांपैकी 27 बुडाले. भरती चढत होती, मागे जाण्याची सोय नव्हती. दिवसाअखेर येथे सुमारे 34,000 सैनिक उतरले होते आणि त्यांपैकी साधारण 2,400 मृत, जखमी वा बेपत्ता होते. युटावर हाच आकडा 200 च्या आसपास होता.

वाळूवरून वर आल्यानंतर कोलव्हिलच्या बाजूला जर्मनांच्या 62 क्रमांकाच्या मोर्चेबंदीचे अवशेष पाहावेत. तेथून समुद्राकडे पाहिले की तुम्ही अर्ध्या तासापूर्वी जेथे उभे होता ती सारी जागा वरून उघडी दिसते. संग्रहालयातली कोणतीही चित्रफीत एवढे सांगू शकत नाही, आणि येथे तिकीटही नाही.

याच टेकडीवर अमेरिकन दफनभूमी आहे. 172 एकरांत 9,380 हून अधिक थडगी असून बेपत्ता झालेल्या 1,557 जणांची नावे अर्धवर्तुळाकार भिंतीवर आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. आधी स्वागत केंद्रातील प्रदर्शन पाहावे आणि मगच थडग्यांकडे जावे. पांढऱ्या संगमरवरी क्रुसावर नाव, हुद्दा, तुकडी, राज्य आणि मृत्यूची तारीख एवढेच असते, जन्मतारीख नसते. नातेवाइकांना छायाचित्र पाठवायचे असते तेव्हा अक्षरे उठून दिसावीत म्हणून कर्मचारी ओमाहाचीच ओली वाळू कोरीव अक्षरांत भरतात. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्यांची अक्षरे सोनेरी असतात. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे त्याच नावाचे पुत्र वयाच्या 56 व्या वर्षी काठी टेकत युटावर उतरले आणि महिनाभराने हृदयविकाराने गेले. त्यांचे थडगे असेच आहे, आणि शेजारी पहिल्या महायुद्धात पडलेला त्यांचा भाऊ आहे. संध्याकाळी ध्वज उतरवण्याचा विधी होतो. त्याची वेळ केंद्रात विचारून घ्यावी.

तुलनेसाठी आणखी दोन दफनभूम्या पाहाव्यात असा माझा आग्रह राहील. ला काँब येथे 21,000 हून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. गवतात सपाट बसवलेल्या पाट्या आणि पाचापाचांच्या गटातील बुटके काळे क्रूस यांमुळे ती जागा पूर्ण वेगळी वाटते, आणि पाट्यांवरची वये वाचली तर अठरा-एकोणीस वर्षांची मुले पुष्कळ सापडतात. दुसरी बायू गावातच असलेली ब्रिटिश दफनभूमी. तेथे दगडाच्या पायथ्याशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते, आणि रांगेत अनोळखी म्हणून नोंदलेलेही शेकडो आहेत. समोरच्या स्मारकावर लॅटिनमध्ये कोरले आहे की विल्यमने जिंकलेल्या आम्ही त्या जेत्याची भूमी मुक्त केली. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारा विल्यम याच प्रांताचा होता, हे माहीत असल्याशिवाय त्या ओळीतला टोमणा कळत नाही.

ओमाहाच्या पश्चिमेचा प्वाँत द्यु ऑक हा कडा त्याच दिवशी जोडता येतो. जेम्स रडर यांच्या हाताखालचे 225 अमेरिकन रेंजर सैनिक सुमारे 30 मीटरचा हा कडा दोर आणि शिड्यांनी चढले. ज्या तोफांसाठी ते आले होते त्या आधीच हलवलेल्या होत्या. त्या आत एका वाटेवर सापडल्या आणि निकामी करण्यात आल्या. दोन दिवसांनी लढण्याजोगे 90 च्या आसपास उरले होते. बॉम्बचे खड्डे अजून तसेच आहेत. कडा ढासळत असल्यामुळे काही भाग बंद ठेवला जातो, तेव्हा दोरी ओलांडू नये.

सहावी पायरी: तिसऱ्या दिवशी पश्चिम किंवा पूर्व, दोन्ही नव्हे

मुले बरोबर असतील तर पश्चिमेला जावे. सँत-मेर-एग्लीझ गावात चर्चच्या मनोऱ्याला छत्रीसह लटकलेला सैनिकाचा पुतळा दिसतो. जॉन स्टील यांची छत्री तेथे अडकली, मेल्याचे सोंग करून ते लटकत राहिले आणि जिवंत राहिले. चर्चच्या आतल्या रंगीत काचेवरही छत्रीधारी सैनिक आहेत, ते पाहायला पुष्कळजण विसरतात. चौकालगतच्या हवाई दलांच्या संग्रहालयात खरे ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) आणि मालवाहू विमान असून मुले तेथे रमतात. तेथून युटा किनाऱ्यावर जावे. बंकरभोवती उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात बी-26 जातीचे बॉम्बफेकी विमान ठेवलेले आहे. प्रवाहामुळे अमेरिकन सैनिक येथे ठरलेल्या जागेपासून सुमारे 2 किलोमीटर दक्षिणेला उतरले आणि ती चूक त्यांच्या पथ्यावर पडली, कारण तेथला बचाव कमजोर होता.

पूर्वेकडे गेल्यास जुनो किनाऱ्यावर कुर्सल येथे कॅनडाचे केंद्र आहे. किनाऱ्यासमोरच्या खडकांमुळे कॅनडाच्या तुकड्यांना पुरेशी भरती येईपर्यंत थांबावे लागले, तोवर जर्मनांचे अडथळे पाण्याखाली गेले आणि अनेक नावा त्यांवर फुटल्या. त्यानंतर बेनुव्हिलचा पेगासस पूल पाहावा. मेजर जॉन हॉवर्ड यांचे सैनिक मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच ग्लायडरने पुलाच्या अगदी कडेला उतरले. आज कालव्यावर दिसतो तो 1990 च्या दशकातला पूल. मूळ पूल संग्रहालयाच्या आवारात आहे. सोर्ड किनाऱ्याला एक बंकर-संग्रहालय पुरेसे आहे.

माँ-सँ-मिशेल ही बेटावरची मठनगरी याच दिवसांत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ती एका बाजूनेच दीड ते दोन तासांवर आहे. तिला स्वतंत्र दिवस द्यावा किंवा सोडून द्यावी.

संग्रहालये किती पाहावीत

दिवसाला एक, फार तर दोन. तिसऱ्या संग्रहालयात शिरेपर्यंत रायफली, शिरस्त्राणे आणि मेणाचे पुतळे एकमेकांत मिसळून जातात. काही खासगी संग्रहालये म्हणजे एका संग्राहकाचा खजिना असतो आणि त्यात क्रम लावणारे कोणी नसते. विषय नवा असणाऱ्याने ती टाळली तरी चालेल. ज्यांना एकच मोठे संग्रहालय पाहायचे आहे त्यांनी 1988 मध्ये सुरू झालेले काँ शहराचे स्मारक-संग्रहालय निवडावे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून शीतयुद्धापर्यंतची मांडणी तेथे आहे, जर्मन सेनापतीचे भूमिगत ठाणे त्याच्याच आवारात आहे, आणि अर्धा दिवस सहज जातो. हे संग्रहालय पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवावे. नुसत्या नॉर्मंडीच्या लढाईसाठी बायूचे संग्रहालय आटोपशीर आणि चांगले आहे. तिकिटे साधारण 8 ते 20 युरोच्या दरम्यान असतात, लहान मुलांना बहुधा सूट मिळते, आणि दुसऱ्या संग्रहालयाचे तिकीट दाखवल्यास सवलत आहे का हे विचारायला संकोच करू नये.

वेळ असेल तर फालेझ येथील नागरिकांविषयीचे संग्रहालय मी या सर्वांच्या आधी ठेवीन. 1944 च्या त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीतले सुमारे 20,000 नागरिक मारले गेले, आणि त्यांतील बहुसंख्य ज्यांना मुक्तिदाते म्हणतात त्यांच्याच बॉम्बफेकीने. काँ शहर पहिल्याच दिवशी घ्यायचे ठरले होते. ते पूर्ण हाती यायला जुलै उजाडला, तोवर शहराचा बहुतांश भाग ढिगारा झाला होता.

आपली माणसे कुठे होती

हा प्रश्न मराठी प्रवाशाच्या मनात हमखास येतो. भारतीय सेनेची एकही डिव्हिजन 6 जूनला या किनाऱ्यांवर उतरली नाही, कारण ती इतरत्र गुंतलेली होती. त्याच दिवसांत इंफाळला वेढा पडलेला होता, तो 22 जूनला उठला. आणि इटलीत मराठा लाइट इन्फंट्री लढत होती. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी, म्हणजे नॉर्मंडीच्या उतरणीनंतर पाच आठवड्यांच्या आत, इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फ्रान्समध्येच भारतीय सैनिकांचे स्मारक पाहायचे असेल तर ते लील शहराजवळ नव्ह-शापेल येथे, पहिल्या महायुद्धाचे आहे. त्यावर 4,700 हून अधिक नावे आहेत. ते नॉर्मंडीपासून दूर असल्याने बेल्जियमकडे जाणाऱ्यांनीच वाटेत जोडावे.

सातवी पायरी: किनाऱ्यावर वागताना

या पुळणींवर खेळावे की नाही, असा संकोच काहींना वाटतो. स्थानिक माणसे तेथे पतंग उडवतात, चाकांच्या शिडाच्या गाड्या पळवतात आणि पोहतात, तेव्हा मुलांनी वाळूचे किल्ले केले तर कोणी डोळे वटारत नाही. पोहायचे असेल तर जीवरक्षक आणि निशाण असलेल्या भागातच, आणि पाणी उन्हाळ्यातही थंड असते हे जाणूनच उतरावे. दफनभूमीत मात्र पोहण्याचे कपडे, खाणे आणि धावाधाव चालत नाही. वाळूत किंवा शेताच्या कडेला गंजलेले लोखंड दिसले तर त्याला हात लावू नये. या भागात जिवंत दारूगोळा अजूनही सापडतो. धातुशोधक यंत्र परवानगीशिवाय वापरणे हा फ्रान्समध्ये गुन्हा आहे. सपाट वाळूवर भरती भराभर पसरते आणि कधी मागच्या चरांत आधी शिरते, म्हणून ओहोटीची खालची वेळ झाली की अर्ध्या तासात किनाऱ्याकडे वळावे.

जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर यांखेरीज गावातली भोजनालये बहुधा चूल पेटवत नाहीत. शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे कुट्टूच्या पिठाची घावनासारखी गॅलेट. त्यात चीज, मशरूम, पालक मागावे आणि अंडे नको असेल तर आधीच सांगावे. पारंपरिक कामाँबेर चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, कडक शाकाहारींनी ते वगळावे. संध्याकाळच्या ओहोटीसाठी थांबणार असाल तर पाव, फळे आणि पाणी दुपारीच गाडीत भरून ठेवावे, आणि रविवारी तर सकाळीच, कारण गावातली दुकाने दुपारनंतर बंद होतात. हाच नियम भाड्याची गाडी परत करण्यालाही लागू आहे. लहान गावांतली कार्यालये रविवारी बहुधा उघडत नाहीत, त्यामुळे परतीची रेल्वे सोमवार ते शनिवार यांपैकीच एखाद्या दिवशीची काढावी आणि गाडी किती वाजेपर्यंत स्वीकारतात ते आरक्षण करतानाच लिहून घ्यावे.